ग्राफमध्ये बेस आहे, बॉक्समध्ये नाही: घरी बनवलेल्या पोर्टेड स्पीकरची क्रमाने तपासणी

विनआयएसडी या स्पीकर-बॉक्स आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये वूफरचे (बेस वाजवणाऱ्या स्पीकरचे) आकडे टाकले, ३५ हर्ट्झपर्यंत रेघ छान आली. स्केचअपमध्ये बॉक्स काढला, सुताराकडून प्लाय कापून घेतला, फेविकॉल लावून जोडला. वाजवला, तर बेस एक तर ढोलासारखा एकाच सुरात घुमतो, नाही तर दिसतच नाही. मग पुढचा विचार नवा वूफर घेण्याचा असतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

सॉफ्टवेअरचं गणित पक्कं आहे. अभियंते थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेली आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात वाढवलेली तीच समीकरणं आजही आतमध्ये चालतात. बिघडतं ते इतकंच, की स्क्रीनवरचा बॉक्स आणि खोलीतला बॉक्स एकच राहिलेले नसतात. खालच्या सगळ्या तपासण्या हा फरक शोधण्यासाठी आहेत. सुरुवात फुकटच्या तपासणीपासून, शेवट करवतीपाशी. ट्यूनिंग, म्हणजे हवेचा पाईप बसवलेला (पोर्टेड) बॉक्स ज्या सुराला झुलतो तो सूर, मोजल्याशिवाय करवत हातात घेऊ नका.

आधी लक्षणं नीट ओळखा

- सगळी गाणी एकाच सुरात घुमतात, खोल सूर येत नाहीत: बॉक्सचं ट्यूनिंग वर सरकलंय, किंवा वूफर पोर्टेड बॉक्सच्या लायकीचा नाही.
- बेस पातळ, पण दाराजवळ किंवा कोपऱ्यात उभं राहिलं की भरपूर: खोलीचा प्रश्न आहे, बॉक्सचा नाही.
- दोन्ही स्पीकर लावले की बेस कमी, एकच लावला की जास्त: एकाच्या वायरी उलट्या.
- पाईपमधून फुसफुस: पाईप अरुंद, किंवा त्याची धार तीक्ष्ण.
- ठरावीक सुरालाच भुणभुण: काहीतरी सैल आहे.
- प्रत्येक खोल सुराला खरखर, आवाज कमी असतानाही: व्हॉइस कॉइल (वूफरला हलवणारी आतली तारेची गुंडाळी) घासतेय. हे असेल तर खालचं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.
- कोन (वूफरचा शंकूसारखा हलणारा पडदा) जोरजोरात फडफडतो, आवाज मात्र येत नाही: ट्यूनिंगच्या खालचे सूर वूफरपर्यंत पोहोचताहेत.

१. खोली (खर्च शून्य)

१२ फूट लांब खोलीत पहिली उभी लहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी झुलणारा सूर) साधारण ४७ हर्ट्झला बसते, १० फुटांच्या बाजूला ५६ हर्ट्झला. खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर या दोन्ही सुरांना तुमच्या कानाशी दाब जवळपास शून्य असतो. स्पीकर कितीही चांगला असो, तिथे बेस ऐकू येणार नाही. मोबाइलवर टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, ४७ हर्ट्झचा साइन (एकच शुद्ध सूर) हळू आवाजात लावा आणि खोलीभर फिरा. भिंतीजवळ सूर फुगत असेल आणि मध्ये विरत असेल, तर बॉक्सला हात लावायची गरज नाही. बसायची जागा तीन फूट मागे घ्या, किंवा स्पीकर भिंतीकडे सरकवा.

इथेच आणखी एक गोष्ट. विनआयएसडीचा ग्राफ वूफर जणू अफाट भिंतीत बसवलाय असं धरून काढलेला असतो. ३० सेंटीमीटर रुंद बॉक्स खोलीत मोकळा उभा केला की सुमारे ३८० हर्ट्झच्या खाली आवाज मागेही पसरू लागतो, आणि वरच्या सुरांच्या मानाने खालचे सूर ६ डेसिबलपर्यंत पडतात. ‘आवाज पातळ आहे’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. याचा उपाय क्रॉसओव्हरमध्ये (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटणाऱ्या सर्किटमध्ये) आहे, प्लायमध्ये नाही.

२. वायरींची दिशा (एक सेल)

दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. धन टोक वूफरच्या लाल टर्मिनलला, ऋण टोक काळ्याला, फक्त क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले की झालं. एकाच बॉक्समध्ये दोन वूफर असतील आणि एक उलटा जोडलेला असेल, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि पाईप जवळजवळ मुका होतो.

सेल नसेल तर दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून मोनो गाणं लावा आणि एकाच्या वायरी उलटून पाहा. ज्या जोडणीत बेस जास्त, ती बरोबर.

३. अ‍ॅम्पला मिळणारा व्होल्टेज

टीपीए३११६ चिपच्या छोट्या बोर्डवर ‘५० वॅट’ छापलेलं असतं, पण तो आकडा ४ ओहमवर आणि २१ व्होल्ट पुरवठ्यावरचा आहे. घरातला पडीक १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला आणि वूफर ८ ओहमचा असला, तर आवाज फाटायच्या आत मिळतात कागदावरसुद्धा जेमतेम ९ वॅट. २४ व्होल्टला तेच ३६ वॅट होतात. आवाज वाढवला की बेस सपाट होऊन चरचरतो आणि कोन फारसा हलत नाही, असं असेल तर बॉक्सला दोष देण्याआधी अडॅप्टर बदला. त्यावर लिहिलेले अँपियरही बघा. व्होल्टेज पुरेसा आणि करंट अपुरा, असे अडॅप्टर भरपूर आहेत.

४. बॉक्स खरोखर कुठे ट्यून झालाय?

या लेखातली सगळ्यात कामाची तपासणी हीच, आणि तीही फुकट. पोर्टेड बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या सुराला पाईपमधली हवा जोरात हलते आणि तिचा उलटा दाब कोनला जागच्या जागी धरतो. म्हणजे ज्या सुराला कोन सगळ्यात कमी हलतो, तोच बॉक्सचा सूर.

कोनच्या कडेजवळ पांढऱ्या कागदाचा तांदळाएवढा तुकडा चिकटवा. टोन जनरेटर ६० हर्ट्झपासून एक-एक हर्ट्झने खाली आणा. आवाज मध्यम ठेवा, कारण साइन सूर मोठ्याने फार वेळ वाजवला तर व्हॉइस कॉइल तापून जळते. कोन हलताना ठिपका पुसट पट्ट्यासारखा दिसतो. एका जागी तो अचानक स्पष्ट होतो, आणि त्याच वेळी पाईपसमोर धरलेल्या हाताला हवा सगळ्यात जास्त लागते. त्याच्या खाली गेलात की ठिपका पुन्हा पुसट होतो. दोन-तीनदा करा, आकडा लिहून ठेवा.

तो आकडा ठरवलेल्या सुराच्या दोन हर्ट्झच्या आत असेल तर बॉक्स आणि पाईप ठीक आहेत. थेट सातव्या तपासणीवर जा. चार-पाच हर्ट्झचा फरक असेल तर पुढे वाचा. आणि कोन कुठेच थांबत नसेल, नुसता थोडा मंदावत असेल, तर हवा कुठून तरी गळतेय.

५. गळती (एक उदबत्ती)

४० हर्ट्झच्या आसपासचा सूर लावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून, टर्मिनलच्या वाटीभोवती, वूफरच्या कडेने आणि स्क्रूंच्या डोक्यांवरून हळू फिरवा. धूर सरळ वर जायचा सोडून थरथरला किंवा आत खेचला गेला, तर तिथे फट आहे. पाईपजवळ तो हलणारच, ते सोडा. आत पॉलिएस्टरचा कापूस भरलेला असेल तर उदबत्ती पाईपच्या तोंडात घालू नका. तो पेट घेतो.

खिळे मारून जोडलेल्या बॉक्समध्ये मागची फळी आणि टर्मिनलची वाटी या दोन जागा हमखास गळतात. सांध्यांना आतून फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून बोट फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. टर्मिनलला एम-सील. वूफरच्या कडेखाली खिडकीला लावतात ती फोमची पट्टी. वायरीसाठी पाडलेलं भोक मोकळं राहिलं असेल तर तेही बुजवा.

गळती एवढी महत्त्वाची का? पाईपमधली हवा आतल्या हवेच्या स्प्रिंगवर झुलते. फट असली की स्प्रिंग सैल पडते आणि पाईपने द्यायचा बेस तिथूनच झिजतो. गाणं वाजताना शिट्टी ऐकू येत नाही म्हणून गळती नाही, असं समजू नका.

६. आतला घनफळाचा हिशेब आणि पाईप

बहुतेक बॉक्स इथेच चुकतात. एक उदाहरण घेऊ. ठरवलेला बॉक्स ४० लिटरचा, ट्यूनिंग ३५ हर्ट्झ, पाईप ७५ मिलिमीटरचा. सॉफ्टवेअरने पाईपची लांबी दिली २१.६ सेंटीमीटर.

स्केचअपमध्ये बॉक्स काढताना ३२ × ३० × ४२ सेंटीमीटर ही मापं बाहेरून धरली गेली. गुणाकार ४०.३ लिटर येतो, म्हणून मनाचं समाधान होतं. पण १८ मिलिमीटरची फळी प्रत्येक मापातून दोनदा वजा होते. आतून राहतं २८.४ × २६.४ × ३८.४, म्हणजे २८.८ लिटर. त्यातून वूफरचं चुंबक आणि बास्केट साधारण १ लिटर, पाईप सुमारे १ लिटर, आधाराच्या पट्ट्या पाऊण-एक लिटर. हातात आले २६ लिटर.

आता पाईप. आपल्याकडे पीव्हीसी पाईपवर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. ७५ चा पाईप आतून ७० च्या आसपास भरतो, आणि किती ते त्याच्या जाडीवर, म्हणजे दाबाच्या वर्गावर ठरतं. सॉफ्टवेअरला मात्र आतला व्यास लागतो. दुकानातच व्हर्नियर लावून मोजा.

गंमत अशी की या दोन चुका उलट दिशेला खेचतात. बॉक्स लहान झाला की ट्यूनिंग वर जातं, पाईप अरुंद निघाला की खाली येतं. वरच्या उदाहरणात दोन्ही मिळून ट्यूनिंग येतं ४१ हर्ट्झच्या जवळ. मागितले ३५, मिळाले ४१, आणि त्या ४१ च्या भोवती सगळी गाणी घुमतात.

हाताने पडताळायचं सूत्र असं: आतला व्यास सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, २३,५६२ ने गुणा. ट्यूनिंगचा वर्ग आणि लिटर यांच्या गुणाकाराने भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. राहील ती लांबी, सेंटीमीटरमध्ये. हे एक टोक फळीत बसवलेल्या आणि दुसरं मोकळ्या असलेल्या पाईपसाठी आहे. ७ सेंटीमीटर व्यास, २६ लिटर आणि ३५ हर्ट्झ घातले की लांबी येते ३१ सेंटीमीटर.

दुरुस्ती प्लाय न कापता होते. ट्यूनिंग वर असेल तर पाईप वाढवा: कपलिंग लावून तुकडा जोडा, मागची फळी आड येत असेल तर एल्बो वापरा आणि लांबी मधल्या रेषेवरून मोजा. पाईपचं आतलं टोक आणि त्याच्यासमोर येणारी फळी यांत निदान एका व्यासाएवढी जागा हवी, नाहीतर फळीच पाईपचा भाग बनते आणि ट्यूनिंग आणखी खाली घसरतं. ट्यूनिंग खाली असेल तर पाईप एक-एक सेंटीमीटर कापा आणि दर वेळी ठिपक्याची तपासणी पुन्हा करा. तोवर पाईप चिकटवू नका. इन्सुलेशन टेपचे चार वेढे मारून घट्ट बसवला तरी चाचणीपुरता पुरतो.

त्याआधी एक काम: विनआयएसडीत ४० च्या जागी खरे २६ लिटर टाका आणि रेघ कशी दिसते ते बघा. कधी कधी लहान बॉक्सला ३८ हर्ट्झच जास्त मानवतात, आणि ३५ चा हट्ट धरून काहीच मिळत नाही.

प्लायची जाडीही मोजा. ‘१८’ म्हणून घेतलेला प्लाय पुष्कळदा १७ च्या घरात भरतो. घनफळात याने फार फरक पडत नाही, पण खाचेत बसणाऱ्या फळ्या सैल होतात आणि गळती तिथून सुरू होते. कटिंगच्या यादीत करवतीच्या पात्याचे ३ मिलिमीटर धरले नसतील तर शेवटची फळी आखूड येते, आणि सुतार ती फट पुटीने भरून मोकळा होतो.

७. सॉफ्टवेअरला दिलेले आकडे

बॉक्स बरोबर, ट्यूनिंग बरोबर, तरी घुमतो. आता वूफरचे आकडे तपासा. व्हीएएस (वूफरच्या लवचिकपणाएवढ्या हवेचं घनफळ) घनफुटांत दिलेला असतो आणि लिटरच्या रकान्यात जातो: १.४ घनफूट म्हणजे सुमारे ४० लिटर. एक्समॅक्स (कोन किती हलू शकतो तो आकडा) काही कंपन्या एका दिशेचा देतात, काही दोन्ही दिशांची बेरीज छापतात. दुप्पट आकडा टाकला की ग्राफ सांगतो वूफर सुरक्षित, आणि प्रत्यक्षात कॉइल आपटते.

क्यूटीएस (वूफर स्वतःला किती आवरतो याचा आकडा, मोठा म्हणजे ढिला) ०.५ च्या वर असेल तर तो वूफर पोर्टेड बॉक्समध्ये घुमणारच. एफएसला (वूफरच्या स्वतःच्या सुराला) क्यूईएसने (त्या आवरण्यातल्या विजेच्या भागाच्या आकड्याने) भागा. उत्तर ५० च्या खाली आलं तर बंद बॉक्स करा, १०० च्या वर आलं तर पोर्टेड, मध्ये आलं तर दोन्ही करून बघता येतं. विनआयएसडी कुठल्याही वूफरला काही ना काही रेघ काढून देतं. ‘हा नको’ असं ते कधीच सांगत नाही.

क्रॉसओव्हरची कॉइलही मोजा. बारीक तारेच्या कॉइलचा रोध १ ओहम असेल आणि वूफरचा डीसी रोध ५.६ ओहम, तर ०.४५ चा क्यूईएस ०.५३ होऊन बसतो. बेस ढिला पडायला एवढं पुरतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटा वूफर घेतला की सोबत आकड्यांचा कागद मिळेलच असं नाही. दिसायला तसाच असलेल्या दुसऱ्या वूफरचे आकडे इंटरनेटवरून उचलणं म्हणजे अंदाजाने बॉक्स बांधणं. अशा वेळी पुढची तपासणी टाळता येत नाही.

८. इम्पीडन्स मोजणं (दीड-दोन तास)

इम्पीडन्स म्हणजे एसी करंटला वूफरचा रोध, तो सुरागणिक बदलतो. १०० ओहमचा रेझिस्टर, १ टक्का अचूकतेचा, वूफरच्या सिरीजमध्ये. अ‍ॅम्पमधून सुमारे ३ व्होल्ट एसी सोडा आणि मल्टीमीटर वूफरच्या टोकांवर लावा. ८ ओहमला तिथे ०.२२ व्होल्ट दिसतील, ४० ओहमला ०.८६. सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरची एसीची खालची रेंज २०० व्होल्टची असते, तो इथे कामाचा नाही. २ व्होल्ट किंवा मिलिव्होल्टची एसी रेंज असलेला घ्या. २० ते १०० हर्ट्झपर्यंत दोन-दोन हर्ट्झने आकडे लिहा.

संगणकावर करायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर हेच काम मिनिटभरात करतं. मात्र त्यासाठी साउंडकार्डचं हेडफोन आउटपुट वापरा. टीपीए३११६ सारख्या क्लास-डी अ‍ॅम्पचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. ते साउंडकार्डच्या ग्राउंडला जोडलं की अ‍ॅम्प किंवा कार्ड, दोन्हीपैकी एक जातं.

पोर्टेड बॉक्सच्या आलेखात दोन शिखरं आणि मध्ये दरी दिसली पाहिजे. दरी म्हणजे ट्यूनिंग. ती कॉइलच्या डीसी रोधाच्या जवळ उतरत नसेल आणि शिखरं बुटकी असतील, विशेषतः खालचं, तर गळती अजून शिल्लक आहे. एकच शिखर दिसत असेल तर पाईप तुंबलाय, बहुधा आत भरलेल्या कापसाने. कापूस भिंतींना चिकटवायचा असतो, पाईपच्या तोंडाशी नाही.

दोन्ही शिखरांचा गुणाकार करून दरीने भागा. उदाहरणार्थ २२ आणि ६६ वर शिखरं, ४१ वर दरी: उत्तर साधारण ३५. हा बॉक्समध्ये बसलेल्या वूफरचा खरा एफएस. कागदावरच्या आकड्यापेक्षा तो पाच-सात हर्ट्झने वेगळा आला तर कागदावर भरवसा ठेवू नका. वूफर बाहेर काढून आकडे स्वतः मोजा, कोनवर पुटीचं माहीत वजन चिकटवण्याच्या पद्धतीने. पुटी सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. नाणी नकोत, स्टीलची नाणी चुंबकाकडे ओढली जातात आणि हिशेब बिघडतो.

९. भुणभुण आणि फुसफुस

३० ते ३०० हर्ट्झपर्यंत सूर हळू फिरवा. भुणभुण सुरू झाली की तिथेच थांबून एकेका भागावर बोट दाबा: जाळी, टर्मिनल, आतली लोंबती वायर, टी-नट, आणि शेजारच्या शोकेसची काच. काच आधी बघा, बॉक्स मग उघडा. फळीवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज येणाऱ्या मोठ्या फळीला आतून आडवी पट्टी लागते, आणि ती मधोमध न लावता थोडी बाजूला लावा.

फुसफुस असेल तर विनआयएसडीत पाईपमधल्या हवेचा वेग बघा. तो १७ मीटर प्रति सेकंदाच्या खाली ठेवतात. कडा सँडपेपरने गोल केल्याने थोडा फरक पडतो. खरा उपाय रुंद पाईप, पण व्यास दुप्पट केला तर लांबी चौपटीच्याही वर जाते. कोन फडफडत असेल तर ट्यूनिंगच्या थोडा खाली हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावा.

कुठे थांबायचं

कोन दोन्ही हातांनी सरळ आत दाबल्यावर खरखर लागत असेल, तर कॉइल घासतेय. सूर वाजवत बसलात तर तिचा वार्निश खरवडून ती शॉर्ट होईल आणि अ‍ॅम्पही जाईल. मल्टीमीटरवर वूफर ओपन सर्किट दाखवत असेल तर कॉइल तुटलीय. दोन्ही कामं रिकोन करणाऱ्याची (वूफरचा कोन आणि कॉइल बदलून देणाऱ्याची), आणि स्वस्त वूफरला रिकोनचा खर्च परवडतो का ते आधी विचारा.

अ‍ॅम्पच्या आउटपुटवर गाणं बंद असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसला, तर स्पीकर ताबडतोब काढा. घरगुती विजेवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचं किंवा अडॅप्टरचं झाकण स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. तो इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याचाच विषय आहे.

समोरच्या फळीचं गोल भोक चुकलं असेल तर जिगसॉने मोठं करत बसण्यापेक्षा सीएनसी राउटरवाल्याकडून ती एकच फळी नव्याने कापून घ्या. फाइल डीएक्सएफमध्ये द्या, माप मिलिमीटरमध्ये आहे हे त्याला स्वतंत्र सांगा, आणि वूफर सोबत न्या. आधी रद्दी प्लायवर एक भोक पाडून वूफर त्यात बसवून बघायला सांगा.